दुपारी दोनला खाट रिकामी व्हावी म्हणून : सांगलीतल्या एका रुग्णालयाच्या प्रकल्प नोंदी

२ डिसेंबर २०२४, सोमवार

आमचं रुग्णालय सांगलीत. ट्रस्टचं, सव्वाशेच्या आसपास खाटा. जुनी इमारत, तिला चिकटून नवी इमारत. बिलिंग जुनीत, लॅब नवीच्या तळघरात, मेडिकल स्टोअर मधल्या बोळात. बरीच वर्षं मी वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. आता मेट्रन मॅडमनी (सगळ्या सिस्टरच्या प्रमुख) वॉर्डातून काढून 'समन्वय' नावाचं काम दिलंय. त्याला अजून टेबल मिळालेलं नाही.

काम असं की कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) ट्रॉलीवर ताटकळणाऱ्या पेशंटला वर खाट लवकर मिळाली पाहिजे. ट्रस्टींच्या मनात गच्चीवर शेड टाकून नवा वॉर्ड काढायचा आहे. माझं म्हणणं, आधी आहेत त्या खाटा बघू. सकाळी अकराला मेडिकल वॉर्डात पाय ठेवायला जागा नसते आणि त्याच वॉर्डात संध्याकाळी सातला पाच-सहा खाटा मोकळ्या दिसतात. मग कमी पडतात त्या खाटा का दुपारचे तास, हे आधी समजू दे.

पन्नास ते दीडशे खाटांच्या रुग्णालयात कुणाला हेच करायचं असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवते.

६ डिसेंबर, शुक्रवार

वेळ कुठं जातो ते मोजायला प्रत्येक डिस्चार्जच्या फाईलला गुलाबी चिठ्ठी लावली. फाईल ज्या टेबलावर पोचेल तिथं वेळ टाकायची. नऊ रकाने होते.

चिठ्ठ्या परत आल्या तर सगळ्या वेळा ११:००, ११:३०, १२:००. सिस्टर लोकांनी ड्युटी संपताना एकदम बसून भरल्या होत्या. त्यांना बोलण्यात अर्थ नव्हता. तीस पेशंटांमागे दोघी असतात, चिठ्ठी भरायची का सलाईन बदलायचं? दुसरा घोळ त्याहून भारी. फाईल बिलिंगला पोचल्याची वेळ ती वॉर्डातून निघायच्या आधीची होती. बिलिंगचं घड्याळ मागं, आमच्या वॉर्डचं पुढं.

दोन दुरुस्त्या केल्या. मेंटेनन्सच्या दादांना घेऊन सगळ्या मजल्यांवरची घड्याळं मोबाईलवर लावून घेतली. जिथं सेल संपत आले होते तिथं नवे घातले. नऊ रकान्यांचे तीन केले: डॉक्टर 'सोडा' म्हणाले ती वेळ, बिल तयार झालं ती वेळ, पेशंट खाटेवरून उठला ती वेळ. मधलं काय होतं ते बघायला नर्सिंग कॉलेजच्या दोन विद्यार्थिनी मिळाल्या. त्यांनी एकेक फाईल धरून तिच्या मागं फिरायचं, तिला हात मात्र लावायचा नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पोरींनी कागदावर जे आणलं ते वाचून मेट्रन मॅडम बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

एक नमुना देते. हर्नियाचं ऑपरेशन झालेले काका, गाव जत तालुक्यात. राउंडला सर्जन सर 'आज सोडा' म्हणाले तेव्हा सकाळचे साडेदहा. डिस्चार्ज कार्ड आरएमओनं (निवासी डॉक्टरनं) लिहायचं, पण दहा ते दोन ते ओपीडीत. त्यामुळं फाईल सिस्टरच्या टेबलावर. दोनला जेवण उरकून आरएमओ वर आले, कार्ड लिहिलं. मग उरलेली इंजेक्शनं आणि सलाईनच्या बाटल्या स्टोअरला परत करायच्या, कारण परतीची नोंद झाल्याशिवाय बिल बंद होत नाही. वॉर्डबॉय मामा जेवायला गेलेले. परतीला साडेतीन. बिलिंगला फाईल गेली तर ईसीजीचा चार्ज चढवायचा राहिलेला, म्हणून फाईल उलटी वर. बिल तयार झालं पाच वाजता. नातेवाईक म्हणाला, पैसे आणायला भाऊ निघालाय. भाऊ आला साडेसहाला. तोवर त्यांच्या गावाकडची शेवटची गाडी निघून गेली होती. काका रात्रभर त्याच खाटेवर झोपले आणि सकाळी चहा पिऊन घरी गेले.

त्याच रात्री कॅज्युअल्टीत न्यूमोनियाच्या आजी पहाटेपर्यंत ट्रॉलीवर.

या सगळ्यात कामचुकार कुणीच नाही, हे मला ठळक लिहायचंय. कार्ड लिहायला पंधरा मिनिटं लागली, परतीला दहा, बिलाला वीस. मिळून पाऊण तासाचं काम. बाकीचा दिवस फाईल कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर पडून होती, आणि दर टेबलाला वाटत होतं की फाईल पुढच्याकडे आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

पाऊण तासाचं काम आदल्या संध्याकाळी करता येतं का, हे बघायचं ठरवलं. रोज सहा वाजता प्रत्येक वॉर्डात जाऊन एवढंच विचारायचं, "उद्या कोण जाणार?"

पहिल्या दिवशी मेडिसिनच्या सरांनी उडवून लावलं. "सिस्टर, उद्याचं उद्या बघू." मला राग आला होता. पण चहाला बसल्यावर त्यांनी कारण सांगितलं आणि ते खरं होतं. 'उद्या सोडतो' म्हटलं की नातेवाईक रात्रीच गाडी ठरवतात, पाहुण्यांना फोन करतात. पहाटे ताप चढला आणि थांबा म्हटलं, तर भांडण डॉक्टरशी. "बिल वाढवायला ठेवलं" हे त्यांनी दोनदा ऐकलंय.

म्हणून आता वाक्य बदललं. नातेवाईकाला सिस्टर सांगतात, "उद्या सकाळचं रक्त चांगलं आलं आणि रात्रभर ताप नाही आला, तर दुपारी घरी." 'तर' शब्दावर जोर द्यायचा. आणि डॉक्टरांना कुणाचंही नाव नक्की करायला लावायचं नाही. फक्त 'शक्यता आहे का' एवढं विचारायचं. सर लगेच चार नावं सांगून मोकळे.

शक्यता असलेल्यांसाठी रात्री काय होतं: रात्रपाळीचे आरएमओ कार्डाचा कच्चा मजकूर लिहून ठेवतात, सकाळी फक्त शेवटच्या तीन ओळी भरायच्या. औषधांची परती नऊच्या आत. त्यानंतर स्टोअरमधून त्या पेशंटला लागेल तेवढंच एकेक डोसचं औषध. बिलिंगला यादी जाते, ते रात्रीपर्यंतचे चार्जेस जुळवून ठेवतात.

रात्रपाळीच्या आरएमओंनी पहिल्याच दिवशी कुरकुर केली. रास्त आहे. त्यांच्याकडून रात्रीच्या व्हायटल्सची (नाडी, बीपी, ताप) दुबार नोंदवही काढून घेतली. ती कुणी उघडतच नव्हतं.

३० डिसेंबर, सोमवार

काल संध्याकाळची यादी मोठी होती. आज कार्डं तयार, परती झालेली, रक्त चांगलं. मी खुशीत. अकरा वाजता सिस्टरचा फोन, "मॅडम, कुणीच जायला तयार नाही."

सोमवती अमावास्या.

"आवसेला पेशंट कुठं घरी न्यायचा, सिस्टर? उद्या सकाळी नेतो की." पुरुष वॉर्डातल्या एका आजोबांचा मुलगा स्वतः शिक्षक. तोही म्हणाला, माझं काही नाही हो, पण घरात आई ऐकणार नाही. यावर वाद घालायला मी गेले नाही, आणि दुसऱ्या कुणी जाऊ नये. माणूस आजारातून उठलाय, त्याच्या घरचे घाबरलेले असतात.

जुन्या सिस्टरना हे सगळं आधीच माहीत होतं. "तुम्ही विचारलं कुठं?" म्हणाल्या. आता नव्या वर्षाच्या कालनिर्णयवर अमावास्यांना लाल गोल करून तो समन्वयाच्या टेबलासमोर लावलाय (टेबल मिळालं). अमावास्येच्या दोन दिवस आधीच डॉक्टरांना विचारायचं, कुणाला एक दिवस आधी सोडता येईल का. वैद्यकीयदृष्ट्या येत नसेल तर प्रश्नच नाही. पण कितीतरी पेशंट शेवटच्या दिवशी नुसत्या गोळ्या गिळायला थांबलेले असतात.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आता लॅब. 'सकाळचं रक्त चांगलं आलं तर' म्हणायचं आणि रक्ताचा रिपोर्ट राउंड संपल्यावर यायचा, असं चाललं होतं.

सिस्टर सहा वाजता रक्त काढतात. ट्यूब वॉर्डातल्या ट्रेमध्ये. तळघरात नेणारे दिवसपाळीचे मामा साडेआठला येतात, टेक्निशियन नऊला. मशीन सुरू करून कंट्रोल लावायला, म्हणजे ते बरोबर मोजतंय का हे तपासायला, अर्धा तास. रिपोर्ट साडेअकराच्या पुढं. राउंड दहाला सुरू होऊन अकराला संपतो. डॉक्टर रिपोर्टशिवायच खाटेपुढून गेलेले असतात. मग ते ओपीडीत असताना रिपोर्ट दाखवायला कुणीतरी खाली जाणार आणि रांगेतले लोक त्याच्या अंगावर येणार.

उशिराचा दुसरा तोटा रिपोर्टमध्येच दिसत होता. रक्त तसंच पडून राहिलं की पेशींमधलं पोटॅशियम सीरममध्ये (रक्ताच्या पातळ भागात) उतरतं आणि आकडा खोटा चढतो. साध्या ट्यूबमध्ये साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरत जाते. साखरेसाठी फ्लोराइडची करड्या झाकणाची ट्यूब असते, पण ती संपली की आमच्याकडे सर्रास लाल झाकणाची वापरली जायची. पोटॅशियम जास्त म्हणून पुन्हा रक्त, पुन्हा ईसीजी, पेशंट घाबरलेला आणि डिस्चार्ज उद्यावर. रिपीट केलेल्यातले बरेच पोटॅशियम नॉर्मल येत होते.

टेक्निशियनची एक पाळी सातला सुरू केली. त्या बदल्यात ते तीनला सुटतात, शिवाय महिन्याला थोडा भत्ता. रक्त नेणं रात्रपाळीच्या मामांकडं दिलं. इथं अडलं. मामा म्हणाले, सहा ते सात पेशंटांना संडासला न्यायची वेळ, मी वॉर्ड सोडला तर कुणीतरी पडेल. ते बरोबर होतं. शेवटी चारही वॉर्डांचं रक्त एकच माणूस गोळा करतो, कॅज्युअल्टीचे मामा, सव्वासहाला सुरुवात करून. त्या वेळी कॅज्युअल्टी तुलनेनं शांत असते.

करड्या झाकणाच्या ट्यूबचा किमान साठा स्टोअरच्या वहीत लिहून घेतला. रिपोर्ट आता साडेनऊच्या सुमाराला वॉर्डात असतात. आतापर्यंत केलेल्या बदलांत डॉक्टरांनी आपणहून कौतुक केलं ते एवढ्याच एका गोष्टीचं.

१४ जानेवारी, मंगळवार

व्हॉट्सअॅप ग्रुप आज बंद केला. 'बेड स्टेटस' नावाचा, सगळे वॉर्ड, लॅब, बिलिंग, हाऊसकीपिंग, आरएमओ. पहिला आठवडा झकास. मग सुविचार सुरू झाले. त्याहून वाईट म्हणजे पेशंटच्या नावासकट रिपोर्टचे फोटो पडायला लागले. कुणाचा एचआयव्ही रिपोर्ट चाळीस मोबाईलमध्ये जाणं म्हणजे चेष्टा नाही. मी ग्रुपवर दोनदा लिहिलं, दोन दिवस बंद झालं, परत सुरू. आज संक्रांत. 'पुरुष वॉर्ड, खाट १४ रिकामी' हा निरोप सकाळी सव्वाअकराला आला आणि तिळगुळाच्या चित्रांखाली गाडला गेला. कॅज्युअल्टीला समजलं एक वाजता.

त्याऐवजी साधा बटणांचा फोन घेतला, चौदाशे रुपयांचा. एकच नंबर. खाट रिकामी झाली, खाट हवी, खाट धुतली, काहीही असो, त्या नंबरवर बोलायचं. दिवसा तो माझ्याकडं, रात्री सुपरवायझर सिस्टरकडं. हातातून हातात द्यायचा, टेबलावर ठेवून जायचं नाही. शेजारी पांढरा फळा, त्यावर खाटेचे नंबर आणि रंगीत लोहचुंबक: लाल भरलेली, पिवळी उद्या सुटण्याची शक्यता, हिरवी तयार. निळा म्हणजे पेशंट गेला, पण खाट पुसायची आहे. फळ्यावर पेशंटचं नाव नाही. फळा पहिल्यांदा वॉर्डाच्या दारात लावला होता, तिथं भेटायला आलेल्यांची पोरं चुंबक हलवायची. आता माझ्या टेबलामागं आहे.

निळ्या रंगाची गरज नंतर समजली. पेशंट उठला म्हणजे खाट मिळाली असं नसतं. गादी एक टक्का हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं पुसून दहा मिनिटं तशीच ठेवायची, मग कोरडी करायची, लोखंडी भाग साध्या पाण्यानं पुन्हा पुसायचा नाहीतर गंज चढतो, चादर बदलायची. अर्धा तास धरा. सफाईच्या मावशींना हे कुणी कळवतच नव्हतं. त्या त्यांच्या ठरलेल्या फेरीत यायच्या.

सॉफ्टवेअरवाल्यानं याच कामाच्या मॉड्यूलला अडीच लाख सांगितले होते.

२० जानेवारी, सोमवार

व्हीलचेअर. कागदावर पुरेशा, चालणाऱ्या निम्म्याहून कमी. एकीची पाय ठेवायची फळी तुटलेली, दोघींची पुढची चाकं अडकलेली. एक्स-रेला पेशंट न्यायचा तर मामा आधी खुर्ची शोधत तीन मजले फिरणार. वेल्डिंगवाले आणि सायकलवाले दोघांना एकाच दिवशी बोलावलं, साडेसहा हजारांत सगळ्या चालू. प्रत्येक खुर्चीला मजल्याचा रंग दिला, दुसऱ्या मजल्यावर सापडली तर लगेच दिसते. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, असं मामा लोकांचं मत आहे.

२७ जानेवारी, सोमवार

ओपीडी हा माझा विषय नव्हता. आज झाला.

सोमवारी ओपीडी फुटते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिवाय सीमेपलीकडचे अथणीकडचे लोक पहिल्या गाडीनं येतात, बरेचसे उपाशीपोटी, कारण 'रक्त तपासायचंय' एवढंच सांगितलेलं असतं. आज एक आजोबा सोनोग्राफीच्या बाकावरून घसरले. साखर ५४, म्हणजे फारच कमी. आदल्या रात्रीची गोळी घेतलेली, सोनोग्राफी पोटाची म्हणून सहा तास उपाशी राहायला सांगितलेलं, आणि नंबर आला होता दुपारी एकचा. उपाशीपोटीच्या साखरेचं रक्त त्यांनी नऊलाच दिलं होतं. जेवणानंतरची साखर दोन तासांनी घ्यायची असते, पण जेवणच होईना. लॅबचा कागद म्हणतो जेवा, सोनोग्राफीचा कागद म्हणतो जेवू नका. आणि हे दोन्ही कागद आम्हीच एका माणसाच्या हातात देतो.

सलाईनमधून साखर दिली, आजोबा उठून बसले, चहा प्यायले. पण पुढच्या सोमवारी दुसरे आजोबा असतील.

केसपेपर काढतानाच आता खिडकीवर तीन प्रश्न: काही खाल्लंय का, साखरेची गोळी-इन्सुलिन आहे का, किती लांबून आलात. उपाशी आणि मधुमेही असेल तर केसपेपरवर केशरी ठिपका. पोटाच्या सोनोग्राफीत केशरी ठिपका पहिला, मग गरोदर बायका, मग बाकीचे. गरोदर बाईंचा फॉर्म एफ (गर्भलिंग निदानबंदी कायद्याचा) आधी बाहेरच भरून घ्यायचा, त्यांची सोनोग्राफी उपाशीपोटी लागत नाही, उलट त्यांनी खाऊनच यावं. केशरीवाल्यांनी सोनोग्राफी आणि उपाशीचं रक्त दहाच्या आत देऊन कँटीनला जायचं. जेवल्याची वेळ कँटीनवाला कागदावर टाकतो, दोन तासांत डॉक्टरांचा नंबर लागतो, निघताना दुसरं रक्त.

सोनोग्राफीच्या मॅडमचा आक्षेप: यामुळं वॉर्डातले पेशंट मागं पडतात. पडतात. वॉर्डातल्यांना बारानंतरची वेळ दिली. अजून भांडण मिटलेलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ऊसतोड जोरात आहे. रात्री ट्रॅक्टर-ट्रॉलीचे अपघात येतात, कोयत्यानं कापलेले हात येतात. अस्थिरोग वॉर्डाची यादी आदल्या संध्याकाळी कितीही नीट केली तरी रात्रीत उलटते.

टोळ्या बऱ्याचशा बीडकडच्या. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत राज्यातलं कुठलंही रेशनकार्ड चालतं, पण ते कार्ड घरी, घराला कुलूप, आणि शेजाऱ्याचा नंबर अपघातात सापडलेल्याच्या मोबाईलमध्ये. आरोग्यमित्र (योजनेचं काम बघणारा) सकाळी टेबलावर आला की मग शोधाशोध सुरू व्हायची आणि मंजुरीची फाईल एक दिवस मागं जायची. तातडीच्या उपचारासाठी फोनवरून कळवायची सोय योजनेत आहे, ती आम्ही वापरतो. कागद मात्र मागाहून द्यावेच लागतात.

आता कॅज्युअल्टीतली सिस्टर पहिल्या अर्ध्या तासात टोळीच्या मुकादमालाच धरते. मुकादमाकडं सगळ्या टोळीचे नंबर असतात. "दादा, ह्यांच्या घरून रेशनकार्डाचा आणि आधारचा फोटो मागवा. आत्ता. उपचार चालू झालेत, त्याची काळजी करू नका." शेवटचं वाक्य विसरायचं नाही. नाहीतर लोकांना वाटतं, कार्ड आल्याशिवाय हात लावणार नाहीत, आणि ते पेशंट उचलून दुसरीकडं निघतात.

याच आठवड्यात कॅज्युअल्टी ते आयसीयू निरोपाचं कार्ड बदललं. कारण घडलं ते नीट लिहिते. पेनिसिलिनची अॅलर्जी कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहिलेली होती, तोंडी निरोपात राहिली. आयसीयूच्या सिस्टरनं इंजेक्शन भरल्यावर सवयीनं नातेवाईकाला विचारलं, म्हणून वाचलं. कार्ड आधीही होतं, पण बावीस चौकटींचं. त्यात अॅलर्जी सतराव्या चौकटीत. घाईत सतरापर्यंत कुणी पोचत नाही. नवीन कार्ड चार ओळींचं: कोण आणि कशामुळं आला, आत्तापर्यंत काय दिलं, काय द्यायचं नाही, पुढच्या दोन तासांत काय बघायचं. निरोप टेबलावर द्यायचा नाही, खाटेपाशी द्यायचा, दोघी सिस्टर समोरासमोर आणि मॉनिटर चालू. अॅलर्जी असेल तर मनगटाला लाल पट्टी, तीही कॅज्युअल्टीतच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कार्ड झालं, बिल व्हायचंय, अशा पेशंटांना बसायला जुन्या कँटीनची खोली केली. आठ खुर्च्या, दोन आरामखुर्च्या, पंखा, संडास जवळ. पहिल्या दिवशी कुणीच गेलं नाही. एक मावशी (पेशंट) सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पैसं भराय लागलो तोवर खाट. आता उठीवतीत."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्या खोलीत जायचं कारणच नव्हतं, उठायचं कारण तेवढं होतं. मग फार्मासिस्टला अकरा ते दोन त्या खोलीत बसवलं. घरी न्यायच्या गोळ्या तिथंच मिळतात, स्टोअरची रांग नाही. प्रत्येक पाकिटावर सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र, आणि भरलेलं किंवा रिकामं ताट असे शिक्के. जतच्या पूर्व भागातल्या कानडी बोलणाऱ्या घरांसाठी हे आधीपासूनच हवं होतं. आमचं छापील मराठी पत्रक ते मानेनं हो म्हणून खिशात घालायचे. पुढच्या तपासणीची तारीखही तिथंच, गाडीच्या वेळा बघून. चहा फुकट.

आता लोक विचारतात, "गोळ्यांच्या खोलीत कधी जायचं?" ज्याला अर्धा तास बसवत नाही, सिझेरियन झालेली बाई, ऑक्सिजन नुकताच काढलेला, त्यांना तिथं पाठवायचं नाही. हे दारावर लिहून लावलंय, कारण खाटेच्या घाईत मीच एखाद्या दिवशी विसरेन.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज अमावास्या, डिस्चार्ज कमी. कॅशलेस विम्याच्या टेबलावर दिवसभर बसायला वेळ मिळाला.

विमा नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानं डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितलीय, आणि उशिरामुळं रुग्णालयाचं बिल वाढलं तर तो भार विमा कंपनीवर. आमच्या टेबलावरच्या मुलाला हे पाठ आहे. पण प्रत्यक्षात काय होतं? मंजुरी येत नाही, शंका येते. मधुमेह किती वर्षांपासून? पहिल्या तपासणीचा कागद कुठाय? इम्प्लांटचं स्टिकर? शंकेचं उत्तर द्यायला डॉक्टर हवेत, डॉक्टर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये).

गेल्या महिन्यातल्या शंका काढून वाचल्या. त्याच त्या पाच-सहा. म्हणजे उत्तरं आधीच पाठवता येतात. कच्च्या डिस्चार्ज कार्डात 'त्रास किती दिवसांपासून' आणि 'जुने आजार किती वर्षांपासून' या दोन ओळी सक्तीच्या केल्या. इम्प्लांटचं स्टिकर ओटीतच फाईलला चिकटवायचं, बिलासोबत मागवायचं नाही. आणि अंतिम विनंती राउंड संपताच पाठवायची, दुपारचं जेवण झाल्यावर नाही.

१२ मार्च, बुधवार

ट्रस्टींच्या बैठकीसाठी चिठ्ठ्या काढून मांडल्या. रोख पैसे भरणाऱ्यांच्या खाटा आता बहुतेक दिवशी दोनच्या आसपास रिकाम्या होतात, पूर्वी पाच-सहा वाजायचे. कॅशलेसवाले चारच्या सुमारास. योजनेच्या पेशंटांत फार फरक नाही, तिथं अपलोड करायचे फोटो आणि कागद करणारा एकच माणूस आहे. शनिवार-रविवार पहिल्यासारखेच, कारण रविवारी वरिष्ठ डॉक्टरांचा राउंड दुपारी होतो, कधी होतच नाही. कॅज्युअल्टीतल्या ट्रॉल्या दुपारी मोकळ्या असतात, पहाटे अजून नाहीत.

खर्च: फळा आणि चुंबकं साडेचार हजार, फोन, व्हीलचेअर, खुर्च्या, शिक्के, छपाई, टेक्निशियनचा भत्ता. सगळं मिळून पन्नास हजारांच्या आत. माझा पगार यात धरलेला नाही आणि तो धरायला हवा. हे काम कुणाच्या तरी मूळ कामावर 'जरा बघा' म्हणून टाकलं तर होणार नाही. मी दोन दिवस लग्नाला गेले, फोन पीआरओकडं (जनसंपर्क अधिकाऱ्याकडं) होता, तो त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला.

गच्चीवरच्या शेडचा विषय पावसाळ्यानंतर घेऊ, असं ठरलं.

२८ मार्च, शुक्रवार

उद्या अमावास्या, परवा पाडवा. म्हणजे ज्याला म्हणून घरी जायचंय त्याला आजच जायचं होतं. कालनिर्णय बघून बुधवारपासून तयारी केली होती, कार्डं तयार, परती झालेली, रिपोर्ट सव्वानऊला वॉर्डात. साडेअकरापर्यंत गोळ्यांची खोली भरली, व्हरांड्यात बाकं टाकली.

आणि सगळं येऊन बिलिंगच्या एका खिडकीवर अडकलं. इतके दिवस फाईल तिथं दिवसभर सुट्टी सुट्टी यायची, म्हणून एक खिडकी पुरत होती. आता आम्ही सगळ्या फाईली दीड तासात नेऊन टाकतो. बिलिंगचे दादा मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळीकडचा खोळंबा गोळा करून माझ्या दारात आणलाय." काही पेशंट चारनंतर निघाले. दोघांना पाडवा झाल्यावर जातो म्हणून खाट सोडवेना.

केसपेपरच्या दोन खिडक्यांपैकी एकीवर अकरानंतर गर्दी ओसरते. तिथल्या मुलीला अकरा ते दोन बिलं काढायला शिकवायचं, सोमवारी ३१ तारखेपासून. तिला बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड द्यायला लेखा विभागाची सही लागते. अर्ज आज दिलाय, सही करणारे साहेब पाडव्याच्या सुट्टीवर गेलेत.